अकरा शेवट

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

न घडलेल्या गोष्टी वाचून कुणाचं काय भलं होतं? टॅक्सीत बॅग ठेवता ठेवता तू मला हे विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलंस. बरं केलंस. मला तेव्हा उत्तर देता आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आजही येत नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, ते कळतं मला, पण पुढे सामसूम. म्हणून हे पत्र. कंपनीच्या पत्त्यावर टाकलं की पुढच्या बंदरात जहाजावर पोचतं, असं बाबांनी चौकशी करून सांगितलं. पत्र तू वाचलंस की तसंच ठेवून दिलंस हे मला कळणार नाही, त्यामुळे मी हवं तेवढं लिहू शकते. एकदा सुरू झाले की थांबत नाही म्हणून मला किल्ली म्हणायचास, ते काही उगाच नाही.

तुझा राग मला पाठ आहे. तू दहावीनंतर पान्हा-पक्कड हातात घेतलीस, वायरमन झालास, मी पदवीपर्यंत पोचले. घरातली पहिलीच. तिनं सरकारी कचेरीत रुबाबात बसावं, तर ती एका मासिकात भुताखेतांच्या गोष्टी वाचत बसली. आई पाळणाघरातल्या बायकांना अजून नीट सांगू शकत नाही की मी करते काय. म्हणून तुला तरी सांगते.

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर आहे. दुकानाच्या पाटीवर भला मोठा डोळा रंगवलाय आणि आमची खिडकी बरोबर त्या डोळ्याच्या मागे येते. आतून आम्हाला डोळ्याची फक्त पाठ दिसते, गंजलेली. त्या खिडकीशी माझं टेबल. दर महिन्याला जिथे जिथे नवी विज्ञानकथा, अद्भुतकथा किंवा भयकथा छापून येते, मासिकात, पुस्तिकेत, नेटवर, ती मी वाचते. त्यातल्या दहा-अकरा निवडून प्रत्येकीवर थोडं लिहिते. पानाचं नाव ‘नवं काय आलं’. वाचक हे पान बघून ठरवतात की या महिन्यात कुठली गोष्ट मिळवायची.

संपादकबाईंचा एक कडक नियम आहे, शेवट फोडायचा नाही. नुसतं सांगून त्या थांबत नाहीत. प्रत्येक परीक्षणाला मी एक चिठ्ठी टाचायची, तिच्यावर गोष्टीचा शेवट एका-दोन वाक्यांत. बाई आधी परीक्षण वाचतात, डोळे मिटून शेवट ओळखायचा प्रयत्न करतात, मग चिठ्ठी बघतात. ओळखता आला, तर परीक्षण परत. पहिल्या महिन्यात माझी सात परत आली. आता बाई हरतात आणि हरल्या की खूश होतात.

आईची तऱ्हा उलटी. संध्याकाळी भाजी निवडताना विचारते, आज काय आलं. मी सांगायला लागले की हात वर करून थांबवते. आधी सांग, गोष्टीतलं पोरगं शेवटी वाचतं ना? वाचत असेल तर बसून ऐकते. नसेल तर उठून ओट्याशी जाते आणि तिथून ऐकते. बाबा म्हणतात, मला त्या थापांत रस नाही. पण भुताची पावलं जिन्यावर वाजायला लागली की त्यांचं शिलाई मशीन बंद पडतं. सोफ्याची कव्हरं वेळेत जात नाहीत म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात, आणि त्याला थोडी मी जबाबदार आहे.

जानेवारीचा अंक सोबत पाठवतेय. नको असेल तर खलाशांना दे.

तुझी किल्ली


२ मार्च

प्रिय दादा,

आमच्याकडे हाहाकार उडालाय.

गेल्या महिन्यात संपादकबाई नातीला बघायला मुलीकडे गेल्या होत्या. परीक्षणं आणि चिठ्ठ्या मी एकाच पाकिटात मांडणीकाकांच्या टेबलावर ठेवल्या. मांडणीकाका म्हणजे आमची पानं लावणारे. बाईंना पुढच्या सकाळी यायचं होतं, त्या बघतील आणि मग पान लागेल, असा माझा हिशेब. मी त्या दिवशी ऑफिसात नव्हते. मला बाहेर काम होतं. कसलं ते आत्ता विचारू नकोस.

बाईंची गाडी चुकली. छापखान्याला पान संध्याकाळी हवं होतं. काकांनी पाकीट उघडलं. आता तुला हे सांगायला हवं की काका गेलं वर्षभर माझ्यामागे लागले होते. तुझा मजकूर मावत नाही, अर्धा कर, वाचणाऱ्याला श्वास घेऊ दे, पानाला जरा कडेनं मोकळं सोड. त्यांना पाकिटात दोन गठ्ठे दिसले. एक नेहमीसारखा लांबलचक. दुसरा छोटा, नेटका, दोन-दोन ओळींचा, पानात अगदी बेतल्यासारखा बसणारा. त्यांना वाटलं, पोरीनं शेवटी ऐकलं माझं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी भोवती वेलबुट्टीची चौकट घातली.

अंक आला तो असा. ‘नवं काय आलं’ या मथळ्याखाली, वेलबुट्टीच्या आत, अकरा नव्या गोष्टींचे अकरा शेवट. दुसरं काहीच नाही.

‘शेवटी ती यानाचं दार उघडते, भोपळ्याला आत घेते आणि कप्तानाला बाहेर ठेवते.’

‘राणीची सावली धोब्याकडेच राहते आणि तिघंही सुखी होतात.’

‘घरात भूत नव्हतंच. घरच भूत होतं, आणि खरं घर शेजारच्या रिकाम्या जागेवर इतकी वर्षं वाट बघत उभं होतं.’

‘रखवालदार दीपगृहाचा दिवा विझवतो, आणि तेव्हाच सगळी बुडालेली जहाजं सुखरूप बंदरात येतात.’

असे अकरा. बाईंनी अंक उघडला, वाचला, बंद केला आणि म्हणाल्या, “ओळखायचं काही ठेवलंच नाहीत.” काका कोपऱ्यात पुन्हापुन्हा चष्मा पुसत होते. मला रडू यायला हवं होतं. पण भोपळ्याचं वाक्य मी मोठ्यानं वाचायला गेले आणि अर्ध्यातच माझं हसू फुटलं. मग काकांचं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्यांनी तोंड खिडकीकडे केलं आणि बराच वेळ त्या गंजक्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

मालकांना मात्र अजिबात हसू आलं नाही. त्यांनी फोनवर सांगितलं की हे पान आता बंद, त्या जागी शब्दकोडं टाका, शब्दकोड्याचं उत्तर तरी पुढच्या अंकात देतात.

चुकीचा अंकही पाठवतेय. आता काय लपवायचं.

तुझी किल्ली


१९ मार्च

प्रिय दादा,

काल दुपारी फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं. दीड वर्षानं. मी खुर्चीतून उठले. काकांना वाटलं घरी काही झालं. मेसेज असा:

“दिवा विझवल्यावर जहाजं कशी येतील?”

ना कशी आहेस, ना आई-बाबा. एवढंच. तो मी काकांना दाखवला, बाईंना दाखवला, खाली चष्मेवाल्यांनाही दाखवला. त्यांनी तो भिंगातून वाचला आणि म्हणाले, मुद्दा बरोबर आहे तुमच्या भावाचा.

मेसेजवर मी उत्तर देणार नाही. आधी तू सांग, तुला काय वाटतं कशी आली असतील. माझ्याकडे खरी गोष्ट आहे आणि मी ती दाबून ठेवलीय.

तू एकटा नाहीस, बरं का. पहिले चार दिवस नुसत्या शिव्या आल्या. एका गृहस्थांनी लिहिलं की तुम्ही माझे अकरा रविवार बुडवलेत. मग पत्रांचा सूर बदलायला लागला. भोपळ्यात एवढं काय होतं? कप्तानानं काय केलं होतं? तिघं सुखी म्हणजे राणी, धोबी आणि सावली, की राजाही आहे? ती गोष्ट कुठे मिळेल, लगेच कळवा. भोपळ्याची पुस्तिका एका आठवड्यात संपली, प्रकाशकानं स्वतः फोन करून विचारलं की तुम्ही असं काय छापलंत. आणि मग काही लोकांना धीर निघेना, ते स्वतःच सुरुवाती लिहून पाठवायला लागले. म्हणजे तुमचा शेवट असा आहे ना, तर आधी हे घडलं असणार. एका बाईंनी लिहिलेला भोपळा तर यानाचा माजी कप्तान निघाला.

दीपगृहाच्या गोष्टीची लेखिका भांडायला आली होती. ती जनावरांची डॉक्टर आहे. दोन्ही हातांवर मांजरांचे ओरखडे, अंगाला औषधाचा वास. म्हणाली, त्या एका शेवटासाठी मी रात्रंदिवस डोकं फोडलं आणि तुम्ही तो वेलबुट्टीत घालून वाटलात. बाईंनी वाद घातला नाही. वाचकांच्या सुरुवातींचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला आणि चहा सांगितला. पहिली सुरुवात तिनं कपाळाला आठ्या घालून वाचली. तिसरीला आठ्या गेल्या. पाचवीला ती म्हणाली, “हा माणूस माझ्यापेक्षा छान खोटं बोलतो, कोण आहे हा?” जाताना गठ्ठा घरी वाचायला मागत होती, बाईंनी दिला नाही.

मालकांनी मग एका अंकाची मुदत दिली. एप्रिलचा अंक दहा तारखेला काढून त्यात वाचकांच्या सुरुवाती छापायच्या, खपलं तर पान राहील, नाहीतर शब्दकोडं.

आता ते दुसरं. त्या दिवशी मी ऑफिसात नव्हते, कारण मी पाणीपुरवठा खात्याच्या मुलाखतीला गेले होते. तू म्हणायचास तीच कचेरी. ऑफिसात सांगितलं नव्हतं, आई-बाबांनाही नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, इथे का यायचंय? मी म्हटलं, पाणी सगळ्यांना लागतं. पण ते खरं नव्हतं दादा. खरं हे की तू परत बोलशील, म्हणून गेले होते.

निवड झालीय. दोन मेपर्यंत हजर व्हायचंय. घरी सांगितल्यावर आई आधी देवापुढे आणि मग पाळणाघरात धावली. एका दिवसात सगळ्या बायकांना कळलं. बाबांनी मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केलं. 

तुला आनंद होईल, म्हणून लिहिते आहे.

तुझी किल्ली


११ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. पाकीट एवढं जाड की आईला वाटलं कागदपत्रं आहेत. मी ते ऑफिसात नेलं नाही, घरीच जेवणाच्या टेबलावर फोडलं.

नोकरीचं अभिनंदन चार ओळींत. दीपगृह पाच पानांत, पाठपोट. मी काही म्हणत नाहीये, नुसतं नोंदवतेय.

अंक जहाजाच्या मेसमध्ये राहिला आणि आचाऱ्यानं तो उघडला, हे वाचून मला गुदगुल्या झाल्या. रखवालदार प्यायलेला होता, असं त्याचं ठाम मत, आणि सेकंड इंजिनियरचं म्हणणं की हे शक्यच नाही, कुठल्याही समुद्रात. तुम्ही सगळे जेवण सोडून भांडत होता आणि कप्तान मागे येऊन उभा राहिला, आणि ओरडायच्या ऐवजी म्हणाला की दिवा विझवला असेल तर काहीतरी कारण असणार, रखवालदार असं उगाच करत नाहीत. मग तुला तुझ्या बंकवर पडल्यापडल्या ते कारण सुचलं आणि तू दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सांगितलंस. आचारी रडला, असं तू लिहिलंयस. कांदा कापत होता, असंही लिहिलंयस.

तुझी सुरुवात मी आई-बाबांना वाचून दाखवली. तुझ्याच शब्दांत. बुडालेल्या जहाजांना दिवस-रात्र कळत नाही. खाली सगळा अंधार, वर एकच उजेड, दीपगृहाचा. तो दिसतोय तोवर त्यांना वाटतं, अजून दिवस आहे, अजून माल उतरवायचा राहिलाय, अजून कुणी सुट्टी दिलेली नाही. म्हणून ती शंभर-शंभर वर्षं तळाशी काम करत राहतात. रखवालदार नवा असतो, तरुण, आधी वायरमन होता. तो पाण्यावर कान ठेवतो आणि त्याला खालून साखळ्यांचे आवाज येतात. त्याला कळतं की हे लोक आपल्या दिव्यामुळे अडकलेत. वरच्या जहाजांना तो आठवडाभर आधी निरोप धाडतो की या रात्री इकडे फिरकू नका. मग दिवा विझवतो. खाली पहिल्यांदा रात्र होते. ड्यूटी संपते. ड्यूटी संपली की माणूस घरी येतो.

आईनं या वेळी शेवट आधी विचारला नाही, तो तर छापूनच आला होता. ती शेवटपर्यंत खुर्चीतच बसली. मग म्हणाली, “हा येतोय का घरी?” मी म्हटलं, ही गोष्ट आहे आई. ती म्हणाली, गोष्टच आहे, मला कळतं, मी विचारलं की तो येतोय का. बाबांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, परत गळ्यात घातली. मला रस नाही, हे वाक्य त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

लेखिकेच्या मूळ गोष्टीत हे काहीच नाही. तिच्या गोष्टीत रखवालदारानं समुद्राशी करार केलेला असतो. ती गोष्ट फार चांगली आहे आणि सोबत पाठवतेय, नीट वाच. पण तुझी सुरुवात मी तिला फोनवर ऐकवली. तिनं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, तुमच्या भावाला सांगा की मी त्यांच्यावर जळते.

छापायचं तर छाप, नाव घालू नकोस, इथले लोक सतावतील, असं तू लिहिलंस. छापलं. खाली ‘एका वायरमनकडून’ एवढंच आहे. गंमत ऐक. मांडणीकाका, वर्षभर माझी वाक्यं कापणारे, तुझी सुरुवात पानात मावेना तेव्हा शेजारची गाद्यांची जाहिरात अर्धी करायला निघाले. बाईंनी अडवलं. तेव्हा त्यांनी वेलबुट्टी काढून टाकली आणि जागा केली.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, दोन तारखेला हजर झालीस की फोन कर, मी उचलेन. ते मी पुन्हापुन्हा वाचलं.

तुझी किल्ली


२८ एप्रिल

प्रिय दादा,

अंक खपला. पान राहिलं. मालकांनी फोन करून सांगितलं की आता दर महिन्याला एक शेवट छापा, फक्त लेखकाला आधी विचारा. लेखक स्वतःहून शेवट पाठवतायत. एकानं तर नुसताच शेवट पाठवलाय, त्याच्याकडे गोष्टच नाही. संपादकबाईंना आता ओळखायला शेवट उरत नाही, म्हणून त्या सुरुवाती ओळखायचा प्रयत्न करतात आणि रोज हरतात.

तुझ्या सुरुवातीवर जी पत्रं आली ती मी वेगळ्या पाकिटात घालून पाठवतेय. खाणीत काम करणारा एक माणूस आहे. दवाखान्यात रात्रपाळी करणारी एक नर्स आहे, तिनं लिहिलंय की वाचून झाल्यावर तिनं वॉर्डातला तो एक दिवा बंद केला, जो विनाकारण चालू असतो, आणि सगळे पेशंट गाढ झोपले. यानं कुणाचं काय भलं झालं ते मी सिद्ध करू शकत नाही. नर्सनं लिहिलंय तेवढंच मला माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. मी हे पत्र दोनदा फाडलं, कारण दोन्हीदा मी तुला आधी समजावत सुटले होते. तसं करायचं नाही असं ठरवलंय. पाणी सोडणं हे गोष्टी छापण्यापेक्षा मोठं काम आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. ती कचेरी वाईट नाही, तिथली माणसंही चांगली बोलली. तू मला तिथे बघू इच्छित होतास ते माझ्या काळजीपोटी, हेही मी जाणते. तू दहावीनंतर जे सोडलंस ते माझ्या हाती यावं, एवढंच तुला हवं होतं. पण दादा, ते तर माझ्या हाती आलंय. मला जे शिकायला मिळालं त्याचं मी जे करतेय, ते तू जहाजावर बसून केलंस. पाच पानं. पाठपोट. मला नाही वाटत की तू ते नुसतं वेळ घालवायला लिहिलंस.

बाबांना मी शनिवारी सांगितलं. ते कापड आखत होते. त्यांनी एकच विचारलं, त्या खात्यात तुला वाचायला काय मिळेल? मी म्हटलं, अर्ज. त्यांनी खडू कानावर ठेवला आणि म्हणाले, मग कव्हरं उशिरा गेली तरी चालतील. आई मात्र चिडली. दोन वेळा माझ्याशी बोलली नाही. पाळणाघरात सगळ्यांना सांगून बसले, आता त्यांना काय सांगू, हा तिचा प्रश्न. तिसऱ्या वेळी ताट माझ्यापुढे आपटून म्हणाली की दादाला तू सांग, मी नाही सांगणार, आणि मग हळूच विचारलं की या महिन्यात काय आलंय.

तुझा फोन मला हवा आहे. इतका हवा आहे की त्यासाठी मी मुलाखतीला गेले होते. दोन तारखेला हजर झालीस की उचलेन, असं तू लिहिलंस, आणि मी हजर होणार नाही. तरी मी त्या दिवशी फोन करणार. उचलायचा की नाही ते तुझं.

सोमवारी सकाळी मी त्या कचेरीत गेले. नकाराचं पत्र मी टपालानं पाठवलं नाही, स्वतः दिलं. कारकुनानं दोनदा वाचलं, लग्न ठरलंय का विचारलं, मग म्हणाला, बरं झालं, यादीतला पुढचा माणूस रोज फोन करून माझं डोकं खातो. त्यानं शिक्का मारला, मी प्रत घेतली आणि ऑफिसात जाऊन कामाला बसले. तुला आधी विचारलं असतं, तर तू समजावलं असतंस, आणि मी ऐकलं असतं. म्हणून आधी केलं आणि आता सांगतेय.

तुझी किल्ली